प्रवासाचे प्रश्न : त्रिनिदादला जाताना

गेल्या अंकात कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाचा ओझरता उल्लेख आला होता. यजमानांची नोकरी पॉइंट लिसासच्या कारखान्यात होती, त्यामुळे काही वर्षं आमचा संसार कूव्हा गावात होता, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न : मुलगी टोरांटोला असते. फेब्रुवारीत आम्हा दोघांना (वय 66 आणि 62) त्रिनिदादला नेते म्हणते. जावं का? कागदपत्रं काय लागतील? – एक वाचक, नाशिक

पांढरी वाळू आणि समोर निळं पाणी, एवढंच डोळ्यांसमोर असेल तर त्रिनिदाद नको, सरळ टोबॅगोला जा. देश एकच आहे. विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता, बोटीने तीन-चार तास लागतात. त्रिनिदाद हे तेल आणि वायूवर चालणारं, कामाधामाचं बेट आहे. व्हेनेझुएलाचा किनारा इथून जेमतेम 11 किलोमीटर. सकाळी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पण माणसं, देवळं, खाणं, पक्षी आणि गाणं-बजावणं यांची हौस असेल, तर अख्ख्या कॅरिबियनमध्ये मी हेच बेट निवडीन.

फेब्रुवारी उत्तम. जानेवारी ते मे कोरडे महिने, जूनपासून पाऊस. मोठी वादळं बहुधा या बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात. मात्र राखेच्या बुधवारआधीच्या (ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू होतो तो ‘ॲश वेन्सडे’) सोमवार-मंगळवारी कार्निव्हल असतो, आणि तो बऱ्याचदा फेब्रुवारीतच येतो. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात आणि पहाटेपासून रस्त्यावर कर्णे दणाणतात. तुम्हाला सोसणार असेल तर जरूर बघा. नाहीतर त्याच्या दोन आठवडे आधी जा आणि संध्याकाळी एखाद्या पॅनयार्डात, म्हणजे स्टीलपॅन वाजवणाऱ्यांच्या सरावाच्या जागी, बसा. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून बनवलेलं स्टीलपॅन हे वाद्य याच बेटावर जन्मलं. स्पर्धेआधीचा सराव तिथे ऐकायला मिळतो.

आता कागदपत्रं. इथे नीट लक्ष द्या, कारण माणसं इथेच अडकतात. टोरांटोहून थेट विमान आहे, पण परत कॅनडात शिरायचं असल्याने तुमचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर फसू नका. नुसतं विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्रिनिदादचे स्वतःचे नियम त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायोगाकडून विचारून घ्या आणि मगच तिकीट काढा.

दुसरं, पीतज्वर (यलो फीव्हर). भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद हा पीतज्वराचा प्रदेश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. त्यांनी नको म्हटलं तर त्रिनिदादहून परत टोरांटोला या, लेकीकडे आठवडाभर राहा आणि मग मुंबईचं विमान पकडा. डास मात्र टाळाच, डेंगीही आहे तिथे.

किरकोळ गोष्टी : वीज 115 व्होल्टची, त्यामुळे मोबाइलचा चार्जर चालेल, आपली इलेक्ट्रिक किटली नाही. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. लष्करी ठिपक्यांचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, नातवाची तसली टोपीसुद्धा घरीच ठेवा.

प्रश्न : तिथले भारतीय आपलेच ना? हिंदी-मराठी बोलतात का? – एक वाचक, सातारा

‘आपलेच’ या शब्दावर जरा थांबते, कारण पाहुणे तिथे हमखास दुखावणारं बोलून जातात. ‘तुम्ही हिंदी विसरलात?’ असं कुणाला विचारू नका.

30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजूर घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते. 1917पर्यंत साधारण 1 लाख 44 हजार माणसं कराराने आणली गेली. बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, काही मद्रासकडची. घरात भोजपुरी होती, शाळेत आणि मळ्यात इंग्रजी. पुढच्या पिढ्यांची बोली त्रिनिदादची इंग्रजी झाली. 2011च्या जनगणनेत देशातले सुमारे 35 टक्के लोक भारतीय वंशाचे होते आणि जवळपास तितकेच आफ्रिकी वंशाचे. ते त्रिनिदादचे आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. आमच्या शेजारच्या आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आणि कार्निव्हलच्या दिवसांत दिवसभर रेडिओवर कॅलिप्सो, म्हणजे तिथली लोकगीतं, ऐकायच्या. दोन्ही त्यांचंच होतं.

तिथल्या वॉटरलू गावाचं समुद्रातलं देऊळ मात्र चुकवू नका. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून ते पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगवास झाला. मग त्यांनी ठरवलं, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! सायकलवरून दगड, सिमेंट वाहत, ओहोटी बघून एकट्याने पाण्यात भराव घालत पुढची कित्येक वर्षं त्यांनी काम केलं. आजचं पांढरं देऊळ 1995 मध्ये नव्याने उभारलेलं आहे. ओहोटीला गेलात तर दोन्ही बाजूंना नुसता चिखल दिसतो. त्या चिखलातून त्या माणसाने काय ओढून नेलं असेल, हे तेव्हाच कळतं. जवळच कारापिचाइमाला दत्तात्रेयाचं देऊळ आणि 85 फुटी मारुती आहे. दत्तभक्तांनी तेही करावं.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का? – एक वाचक, कोल्हापूर

मुळीच नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला पेटी मांडून ‘डबल्स’ विकतात. हळद घातलेले, तळलेले दोन मऊ ‘बारा’ (पुरीसारखे), त्यावर पातळसर छोले, वर काकडीची आणि चिंचेची चटणी. विक्रेता बोटांच्या एका झटक्यात ते कागदात गुंडाळून देतो. उभ्यानेच खायचं. ‘पेपर?’ (म्हणजे मिरची हवी का?) असं विचारलं की ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडी, म्हणा. कोल्हापूरकरांनो, जपून! तिथली मिरची तांबड्या रश्शाच्या तिखटाला हार जाणारी नाही.

दाळपुरी म्हणजे पुरणाच्या जागी तिखट-मीठ-जिरं घातलेल्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मोठी पोळी. वांग्याचा ‘चोका’ हे आपलं भरीतच. आणि ‘सहीना’ मागा : अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचा लेप लावून तळतात. देबे गावात संध्याकाळी ताजी मिळते. ‘कालालू’ मात्र विचारून घ्या, अळू-भेंडी-नारळाच्या दुधात बऱ्याचदा खेकडा असतो.

प्रश्न : गुन्हेगारीबद्दल वाचलं. एकटीने फिरता येईल का? – एक वाचक, ठाणे

भीती खोटी नाही. खून आणि टोळ्यांमुळे अलीकडे सरकारला आणीबाणी लावावी लागली आहे. निघण्याआधी ताजी परिस्थिती बघा. अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यवस्तीत पायी फिरू नका, आडकिनाऱ्यांवर एकटं जाऊ नका. परवानाधारक टॅक्सीची नंबर-पाटी ‘एच’ने सुरू होते, ‘पी’ची गाडी खासगी. कॅरोनीच्या खारफुटीत संध्याकाळी लाल आयबिस पक्ष्यांचे थवे उतरतात, तिथे नावेच्या सहलीबरोबर जा. ला ब्रियाच्या डांबराच्या तलावावरही वाटाड्या घ्याच. वर साय धरल्यासारखा कडक थर असतो, त्यावरून चालता येतं, पण मधेच पाय रुततो. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या होत्या.

प्रश्न : क्वीन्स पार्क ओव्हल बघायचंय. सामना नसेल तरी जावं का? – एक वाचक, दादर

दादरकरांनी नक्की जावं! मार्च 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इथेच वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. दिलीप सरदेसाईंच्या 112 धावा, आणि कसोटी पदार्पणात सुनील गावसकरांच्या 65 व नाबाद 67. त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत, याच मैदानावर, गावसकरांनी 124 आणि 220 केल्या. 1976 मध्ये 403 धावांचं लक्ष्य आपण गाठलं तेही इथेच. त्रिनिदादवाल्यांनी गावसकरांवर कॅलिप्सो रचली. आमच्या गल्लीतल्या वयस्कर टॅक्सीवाल्याला मी मुंबईची आहे कळलं, तर त्याने भाडं सांगायच्या आधी तीच म्हणून दाखवली. सामना नसेल तर फाटकावर विनंती करून बघा. मैदानामागे उत्तरेच्या डोंगररांगा दिसतात. तिथून सव्हाना, म्हणजे शहरातलं मोठं मोकळं मैदान, चालत जाण्याजोगी आहे, पण दिवसाउजेडी जा.