मशीन घ्या, पण अकराशे नको

टेक्सासमधल्या राउंड रॉकहून एका वाचकाने विचारलंय. ग्रीन कार्ड आहे, घरी पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. नेमबाजीच्या स्पर्धा आणि सराव धरून महिन्याला पिस्तुलाच्या ९ एमएमच्या ६०० आणि रायफलच्या .२२३ च्या २०० गोळ्या उडतात. काडतुसं घरीच भरण्यासाठी, म्हणजे वापरलेल्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) नवा प्रायमर, पावडर आणि बुलेट बसवण्यासाठी, डिलन कंपनीचं आरएल ११०० हे मशीन घ्यायचं मनात आहे. डाय (केसला आकार देणारे साचे), वजनकाटा, टम्बलर (केस साफ करणारं यंत्र), ट्रिमर (केस कापून लांबी नीट करणारा) धरून ३,६०० डॉलर. पैसे क्रेडिट कार्डवर, २४ टक्के व्याजाने, दोन वर्षांत फेडायचे. 'बचतीतूनच हप्ता निघेल ना?'

नाही निघणार. तुम्ही दिलेल्या भावांवरूनच हिशोब करू. ९ एमएमची तयार गोळी तुम्हाला २४ सेंटला पडते. प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) ७, बुलेट (नळीतून उडणारा तुकडा) ९, पावडर २ सेंट, म्हणजे घरी भरलेली १८ ला. केस तुमचीच, परत वापरायची. गोळीमागे सहा सेंट सुटले, महिन्याला ३६ डॉलर. .२२३ चं स्पर्धेचं काडतूस मात्र ९० सेंटचं आहे. एक पौंड पावडर म्हणजे ७,००० ग्रेन. रायफलच्या केसमध्ये साधारण २५ ग्रेन जाते, म्हणजे पौंडात २८० गोळ्या. ४२ डॉलरच्या डब्यात पावडरचे १५ सेंट झाले. बुलेट २८, प्रायमर ८. एकूण ५१. इथे ३९ सेंट सुटतात, महिन्याला ७८ डॉलर.

दोन्ही मिळून बचत ११४ डॉलर आणि कार्डाचा हप्ता १९० च्या आसपास. दर महिन्याला ७६ डॉलर खिशातून जाणार, आणि दोन वर्षांत व्याजच साडेनऊशेच्या वर.

आता आकडे परत बघा. दोन तृतीयांश बचत रायफलच्या २०० गोळ्यांतून येते, आणि तिथे वेगवान मशीनचा उपयोग सगळ्यात कमी. रायफलच्या केसला वंगण लावा, आकारात आणा, लांबी मोजून कापा, पुसा. वेळ जातो तो तिथे, हँडल ओढण्यात नाही. वेग लागतो ९ एमएमला, पण तिथे सुटतात सहा सेंट. अकराशे तासाला हजारच्या पुढे भरतं हे खरं. पण महिन्याच्या ८०० गोळ्यांना डिलनच्याच लहान एक्सएल ७५० ला फार तर दीड तास लागेल. महिन्यातला पाऊण तास वाचवायला सतराशे डॉलर जास्त मोजायचे? तुमच्या जागी मी मोजणार नाही. शिवाय साडेसातशेला डिलनची जन्मभराची हमी आहे, अकराशेला तशी नाही. लष्करी केसच्या प्रायमरभोवतीचा क्रिम्प (प्रायमर सुटू नये म्हणून दाबलेली कड) काढायची सोय अकराशेत आतच असते, तो त्याचा मोठा गुण. पण तुम्ही स्वतःच्याच स्पर्धेच्या केस परत वापरणार आहात, त्यांना बहुधा क्रिम्प नसतो.

दोन्ही कॅलिबरच्या (गोळीच्या मापांच्या) सामानासकट ७५० तुम्हाला १,९०० ला पडतंय. सतरा महिन्यांत वसूल. डिलनचंच आरएल ५५० आणखी चारशेने स्वस्त आहे, आणि निव्वळ आकड्यांवर तेच जिंकतं. तरी मी ७५० म्हणतो. ५५० मध्ये केस एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर नेणारी प्लेट हाताने फिरवावी लागते. दिवसभर ऑफिस करून रात्री दहाला बसलात, फोन वाजला, लक्ष गेलं, तर एकाच केसमध्ये दोनदा पावडर पडू शकते. ९ एमएमचा भार इतका लहान असतो की दुप्पट पावडरही केसमध्ये मावते आणि वरून कळत नाही. ७५० मध्ये प्लेट आपोआप फिरते आणि पावडर तपासणारं उपकरण बसवायला एक टप्पा (स्टेशन) जास्त आहे. ते चारशे डॉलर मला खर्च वाटत नाहीत. तुमचा आणखी एक फायदा म्हणजे दोन्ही गोळ्यांना लहान आकाराचाच प्रायमर लागतो, त्यामुळे कॅलिबर बदलताना ती जुळणी बदलावी लागत नाही. प्रायमर मात्र पिस्तुलाचा पिस्तुलालाच, रायफलचा रायफललाच.

बँकेत दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे आहेत म्हणता, त्यांना हात लावू नका. हप्त्यासाठी काढलेले १९० डॉलर दरमहा बाजूला टाका, दहा महिन्यांत ७५० रोखीने घरात येईल. तोवर सराव आहे तेवढाच ठेवा. गोळी स्वस्त झाली की माणूस जास्त उडवतो, आणि बचत तिथेच संपते.

मित्रांना गोळ्या विकून मशीनचे पैसे काढायचा विचार आजच सोडा. विक्रीसाठी काडतुसं बनवायला केंद्राचा परवाना लागतो, वर ११ टक्के उत्पादन शुल्क, आणि कुणाची बंदूक फुटली तर घराच्या विम्यावर विसंबता येणार नाही. एच-१बीवरच्या मित्राला विकणं, त्याच्याकडे शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवाद नसेल, तर आणखी वेगळा गुन्हा ठरतो.

प्रायमर आणि पावडर मागवताना धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, म्हणून एकदम मागवणं परवडतं. पण घरात १०,००० प्रायमर आणि २० पौंड पावडर ही साधारण मर्यादा धरा आणि शहराचा नियम विचारून घ्या.

मशीन गॅरेजमध्येच लावा, स्वयंपाकघराजवळ नको. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, केस टम्बलरमधून काढताना ते धुळीबरोबर उडतं. तिथला शर्ट तिथेच काढा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीला उचलू नका.