कोचच्या पाठीशी क्लब खरंच असतो का?

प्रश्न: मी परभणीचा, शाळेत होतो तेव्हापासून मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा फॅन. रात्र रात्र जागून मॅच बघतो. दर वेळी क्लबवाले म्हणायलेत की आमचा कोचवर पूर्ण विश्वास आहे, अन् थोड्याच दिवसात कोच घरी. हे लोक कोच आणि त्याच्या स्टाफच्या पाठीशी खरंच असतात का नुसतं तोंडदेखलं बोलतात?
– एक वाचक, परभणी

उत्तर: भाऊ, तुमच्या क्लबपुरतं विचाराल तर माझं स्पष्ट मत आहे, नव्हते. निदान कोच टेन हागच्या बाबतीत तरी नव्हते.

2024 चा उन्हाळा आठवा. मे महिन्यात त्याने मँचेस्टर सिटीला 2-1 हरवून एफए कप जिंकून दिला आणि त्यानंतर मालक लोक बसले विचार करत, याला ठेवायचं का काढायचं. मधल्या काळात थॉमस टुखेल या दुसऱ्या कोचशी बोलणं झालं, हे टेन हागनेच नंतर सांगितलं. म्हणजे कप जिंकलेल्या माणसाला माहितीये की आपल्या खुर्चीसाठी दुसऱ्याला विचारून झालंय. मग जुलैमध्ये त्याचंच काँट्रॅक्ट 2026 पर्यंत वाढवलं, फोटो काढले, आणि 28 ऑक्टोबरला हाकललं, तेव्हा टीम लीगमध्ये 14 व्या नंबरवर होती. त्याला आणि त्याच्या स्टाफला घालवायचा खर्च 1 कोटी पाउंडांच्या वर गेला. विश्वास नव्हता तर मे मध्येच मोकळं करायचं होतं ना, त्यालाही आणि स्वतःलाही.

आता स्टाफचं बघा, कारण याच्याबद्दल कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते खरं काय ते इथंच कळतं. त्याच उन्हाळ्यात रूड व्हान निस्टेलरॉय असिस्टंट म्हणून आला, रेने हाके आला, गोलकीपिंग कोच नवीन आला. टेन हाग गेल्यावर निस्टेलरॉयने चार मॅच टीम सांभाळली, त्यातली एकही हरला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम आपली माणसं घेऊन आला तसं निस्टेलरॉय, हाके आणि बाकीच्यांना जायला सांगितलं. जुलैत बिऱ्हाड हलवून आलेली माणसं दिवाळी झाली की बाहेर. नवीन कोचला स्वतःची माणसं लागतात हे मला मान्य आहे, अमोरिमची यात काही चूक नाही, पण ज्या क्लबला जुलैत माहिती नव्हतं की नोव्हेंबरमध्ये आपण कुठं असू, त्याने ही माणसं आणलीच कशाला? वर त्या उन्हाळ्यात खेळाडू घेतले टेन हागच्या खेळाच्या हिशोबाने अन् अमोरिम खेळवायचा 3-4-3 (मागे तीन, मध्ये चार, पुढं तीन), मग टीमचं काय होणार.

लेस्टर सिटी क्लबचं तर याहून वाईट. 2016 ला कोच रानिएरीने कोणाच्या स्वप्नातही नसलेलं लीग टायटल आणून दिलं. फेब्रुवारी 2017 मध्ये क्लबने जाहीर निवेदन काढलं की आमचा कोचला अढळ पाठिंबा आहे, आणि त्याच महिन्यात काढून टाकलं. मला विचाराल तर ज्या क्लबला असं निवेदन काढायची वेळ येते तिथं आत बोलणी सुरू झालेली असतात.

मग खरा पाठिंबा कसा असतो? आर्सेनलकडे बघा. आर्टेटा डिसेंबर 2019 ला कोच म्हणून आला आणि पुढं लागोपाठ दोन सीझन टीम 8 व्या नंबरवर. लोक चिडले होते, काढा म्हणत होते. अशात डिसेंबर 2021 मध्ये त्याने ऑबामेयांगची कॅप्टन्सी काढली, शिस्तीच्या कारणावरून, आणि हा साधा खेळाडू नव्हता, टीमचा मोठा स्टार होता, गोल त्याचेच. बहुतेक क्लबमध्ये अशा वेळी मालक स्टारला हळूच बोलवून घेतो आणि कोचला सांगतो जरा जमवून घ्या. आर्सेनलने तसं केलं नाही, फेब्रुवारीत ऑबामेयांग बार्सेलोनाला गेला आणि कोच राहिला. पुढं 2022-23 पासून सलग तीन वर्षं दुसरा नंबर. मी तर म्हणतो कोच आणि स्टार भिडले की कोण राहिलं तेवढं बघा, बाकी प्रेस कॉन्फरन्स बघू नका. आणि वेळ द्यायचं म्हणाल तर तुमच्याच क्लबने 1986 ला आलेल्या कोच फर्ग्युसनला पहिली ट्रॉफी मिळेपर्यंत, म्हणजे 1990 पर्यंत, सांभाळलं होतं, अन् त्या सीझनला लीगमध्ये टीम 13 वी होती.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात एका छोट्या क्लबला कोचिंग करतो. कोचिंगचं डी लायसन्स केलंय. अध्यक्ष चांगले आहेत, ग्राउंडला येतात, पण मॅच चालू असताना लाईनवरून ओरडून खेळाडू बदलायला लावतात. माझ्यासोबत गोलकीपरना शिकवणारा पोरगा आहे, त्याचे पैसे तीन-तीन महिने देत नाहीत. बोलावं का गप बसावं?
– एक कोच

उत्तर: बोला. पण मॅचनंतर, पोरांसमोर नाही, आणि आधी त्या पोराच्या पैशाचं बोला. हे मी मुद्दाम म्हणतोय. तुम्ही सिलेक्शनचा विषय आधी काढला तर त्यांना वाटेल मान-अपमानाचं भांडण आहे, आणि त्या नादात पोराचे पैसे राहूनच जातील. हेड कोचला कसंबसं भागवून नेता येतं, सोबतच्या माणसाला कोणी विचारत नाही. मोठ्या क्लबमध्येही हेच आहे, ऑगस्ट 2025 मध्ये आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) पुढं काय होणार ते कळेना म्हणून बेंगळुरू एफसीने पहिल्या टीमच्या खेळाडूंचे अन् स्टाफचे पगार बेमुदत थांबवले होते. निदान त्यांनी ते उघड सांगितलं तरी. तुमच्या अध्यक्षांनाही तेवढंच मागा, देणार असाल तर तारीख सांगा, जमत नसेल तर आत्ताच तसं सांगा, म्हणजे तो दुसरीकडं बघेल.

ओरडण्याचं म्हणाल तर मॅचच्या आदल्या दिवशी त्यांना बसवून टीम सांगत जा, कोण का खेळतोय ते. बऱ्याच अध्यक्षांना फक्त विचारलं जावं एवढंच हवं असतं. त्यानंतरही लाईनवरून नाव घेऊन पोराला बाहेर काढायला लावलं तर त्या वेळी बदल करू नका. एकदा केलात की पुढच्या मॅचला पोरं तुमच्याकडं बघणार नाहीत, अध्यक्षांकडं बघतील. आणि नवीन सीझन सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिहून घ्या, टीम कोण निवडणार, गोलकीपर कोचला महिन्याच्या कोणत्या तारखेला किती मिळणार, खाली दोघांची सही.