ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात नव्याने बसताना

वाचकाने ‘कायद्याचं पुस्तक आहे का?’ असं विचारलं की लगेच ड्युईच्या (पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायच्या पद्धतीतल्या) ३४० क्रमांकाच्या, म्हणजे कायद्याच्या, कपाटाकडे धावू नकोस. आधी विचार, ‘नेमकी कोणती माहिती हवी आहे?’ बरेचदा प्रश्नामागे अडकलेली पेन्शन किंवा घरमालकाची नोटीस असते. पेन्शनचं उत्तर संबंधित खात्याच्या परिपत्रकातही मिळू शकतं. ‘कशासाठी हवंय?’ हे मात्र खोदून विचारू नकोस, तो त्यांचा खासगी मामला.

कायद्याचा मूळ मजकूर दे आणि शेवटची दुरुस्ती कधीची, ते तपासूनच दे. जुन्या आवृत्तीमुळे माणसाची अपिलाची मुदत हुकू शकते, इतकं हे गंभीर आहे. आकडेवारी देताना ती कुणी, कधी गोळा केली तेही सांग. कलमाचा अर्थ लावून दे म्हणाले, तर वकिलाकडे किंवा मोफत कायदा सल्ला केंद्राकडे पाठव.