कव्हर लेटरमध्ये तू कुठे आहेस?

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते. बी.कॉम. झालंय, टॅली येतं. वडील लूमवर आहेत, आई विड्या वळते, घरी आम्ही तेलुगू बोलतो. गेलं वर्षभर एका टॅक्स कन्सल्टंटकडे आहे. तिथे खरेदीची बिलं जीएसटीआर-टूबीशी, म्हणजे व्यापाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, जुळवायचं काम माझ्याकडे असतं. मध्यंतरी एका टॉवेल कारखान्याची सुताची काही बिलं टूबीत दिसेनात, तेव्हा मीच व्यापाऱ्यांच्या मागे लागून ती पुढच्या महिन्यात दाखवून घेतली. आता चिंचोळी एमआयडीसीत आणि पुण्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागांसाठी अर्ज करते, पण फोनच येत नाही. नेटवरून घेतलेलं कव्हर लेटर सोबत पाठवलंय. माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत पाठवलं तर चालेल का?

उत्तर : तुझी दोन्ही पत्रं वाचली, मला लिहिलेलं आणि सोबतचं कव्हर लेटरही. मला लिहिलेल्या पत्रातली मुलगी मी लगेच मुलाखतीला बोलावली असती. कव्हर लेटरमध्ये मात्र ती कुठेच नाही. तिथे आहे ‘हार्डवर्किंग’, ‘डायनॅमिक’, ‘टीम प्लेअर’ आणि ‘आपल्या नामांकित संस्थेत’. नामांकित संस्था कोणती, तेही लिहिलेलं नाही. हेच चार शब्द त्याच जागेसाठी आलेल्या बाकीच्या अर्जांतही असतात. हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली पत्रं येतात, त्यांची भाषा गुळगुळीत असते आणि आत तितकाच खडखडाट.

मार्क, पत्ता, जन्मतारीख हे सगळं बायोडेटात आहेच, ते पत्रात पुन्हा नको. पत्राने एवढंच सांगायचं, की या जागेवरचं काम तुला जमेल हे समोरच्याने कशावरून मानावं. तुझ्याकडे त्याचं उत्तर तयार आहे आणि तू ते खिशात ठेवून बसलीस. सुताच्या व्यापाऱ्याने आपल्या जीएसटीआर-वनमध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, बिल दाखवलं नाही, तर ते टूबीत येत नाही आणि कारखानदाराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. 14 तारखेला टूबी तयार होतो, महिन्याचा थ्रीबी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, 20 पर्यंत भरायचा असतो. मधल्या दिवसांत अकाउंट्सवाल्यांची काय धांदल उडते, ते मालकाला बरोबर ठाऊक असतं. बिलं जुळवणारे मिळतात गं, न जुळलेल्या बिलासाठी चिवटपणे फोन करत राहणारे कमी.

तेव्हा सुरुवात अशी करून बघ :

‘आपल्या टॉवेल युनिटमधील अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. गेले वर्षभर मी एका कर सल्लागारांकडे टॅलीतील नोंदी आणि खरेदीची टूबीशी जुळवणी पाहते. एका कारखान्याची सुताची काही बिलं टूबीत येत नव्हती. व्यापाऱ्यांकडे पाठपुरावा करून ती पुढच्या महिन्यात दाखवून घेतली. एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम अजून केलेलं नाही, मात्र एलयूटी आणि शिपिंग बिल कशासाठी असतं ते समजून घेतलं आहे.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिही. म्हणजे आधी ते समजून घे : आयजीएसटी (परराज्यात किंवा परदेशात माल पाठवताना लागणारा जीएसटी) न भरता माल निर्यात करायचा, तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यावं लागतं आणि ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कस्टम्सकडे द्यायचा कागद. जे केलेलं नाही ते ‘केलेलं नाही’ असं लिहिणारा उमेदवार मला तरी भरवशाचा वाटतो. आणि त्या कारखान्याचं नाव पत्रात अजिबात घालू नकोस. सोलापुरात कारखानदार एकमेकांना ओळखतात. आज त्यांचा हिशेब बाहेर सांगणारी उद्या आमचाही सांगेल, असंच वाचणाऱ्याच्या मनात येणार.

तेलुगूचा उल्लेख तू प्रश्नात जरा संकोचाने केलास असं वाटलं. अगं, इथल्या कितीतरी कारखान्यांत मास्तरपासून कामगारापर्यंत तेलुगू चालते. मजुरीच्या हिशेबावरून कुरबुर झाली, तर अकाउंट्समध्ये ती भाषा येणारं माणूस लागतंच. ‘मराठी, हिंदी, तेलुगू बोलते’ एवढी ओळ पुरे. वडील लूमवर आहेत हेही टॉवेल-चादरीच्या युनिटला सांगायला हरकत नाही, सूत आणि बीम हे शब्द तुला नवे नाहीत एवढ्यापुरतं. परिस्थिती बेताची आहे म्हणून नोकरी द्या, हा सूर मात्र लागू देऊ नकोस. पुण्याच्या अर्जात या दोन्ही गोष्टींपेक्षा ‘पुण्यात राहायची सोय आहे, पंधरा दिवसांत रुजू होऊ शकते’ हे वाक्य जास्त कामाचं, अर्थात सोय खरोखर असेल तर. बाहेरगावचा उमेदवार येईल का, टिकेल का, ही शंका तिथे आधी येते.

आता भाषेचं. जाहिरात मराठीत असेल तर पत्र खुशाल मराठीत लिही. इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच, पण छोट्या वाक्यांचं, तुझ्या स्वतःच्या इंग्रजीत. एक्स्पोर्ट युनिटला परदेशी गिऱ्हाइकांशी मेलवर बोलावं लागतं, तिथे इंग्रजी टाळता येणार नाही. स्पेलिंग कुणाकडून तरी तपासून घे. वाक्यं मात्र त्यांना बदलू देऊ नकोस, नाहीतर मुलाखतीत पत्र एक बोलेल आणि तू दुसरंच.

बारीकसारीक गोष्टी : पत्र मेलच्या मजकुरातच लिही आणि बायोडेटा जोड. तुझ्या फाइलचं नाव ‘न्यू डॉक थ्री’ आहे आणि खाली कॅमस्कॅनरचा शिक्का. तिथे तुझं नाव आणि पदाचं नाव हवं. मेलच्या विषयाची जागा कोरी सोडू नकोस. व्हॉट्सॲपवर अर्ज मागवला असेल, तर वरचाच मजकूर तीन-चार ओळींत बसव, आधी नुसतं ‘हाय सर’ पाठवून वाट बघत बसू नकोस.

फोन आला, की त्या बिलांबद्दल विचारतीलच. किती व्यापारी होते, रक्कम साधारण किती अडकली होती, कोण टाळाटाळ करत होतं आणि त्याला तू काय सांगितलंस, हे कुणाचं नाव न घेता सांगता येईल असं आत्ताच वहीत लिहून ठेव.