त्या खिडकीबाहेरचा दोर

प्रश्न : व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. हेरगिरीचा होता आणि शेवटी क्लिंट ईस्टवुड बर्फाळ कड्यावर लटकलेला. नाव काही केल्या आठवत नाही. लेकाला दाखवावा म्हणते, पण त्याच्या मते जुन्या सिनेमात सगळं खोटं दिसतं. पुन्हा पाहण्याजोगा आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तो 'द आयगर सँक्शन', १९७५चा. दिग्दर्शकही ईस्टवुडच. मीसुद्धा तो कॅसेटवरच पाहिला. आम्ही पाच-सहा डोंगरवेड्यांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता आणि डोंगर दिसेपर्यंतचा भाग सरळ पुढे पळवला होता. गेल्या महिन्यात अख्खा पाहिला, तेव्हा वाटलं, पोरवयातही अक्कल बरी होती.

नायक कलेच्या इतिहासाचा प्राध्यापक. मोलाची चित्रं जमवायचा नाद, आणि त्याचा पैसा गुप्त संघटनेसाठी माणसं मारून आलेला. 'सँक्शन' हा त्या संघटनेचा खुनासाठीचा शब्द. या वेळचं सावज स्वित्झर्लंडचा आयगर हा डोंगर चढणाऱ्या तुकडीत आहे, पण तिघांपैकी कोण ते ठाऊक नाही, आणि त्या तिघांच्याच दोराला बांधून घेऊन चढायचंय! कल्पना झकास. मात्र तिथवर पोचेपर्यंत बायकांशी चावट बोलणं आणि समलिंगी खलनायकाची टवाळी फार. लेकाशेजारी बसून बघताना अवघडायला होईल.

पण कातळ आला की सिनेमा बदलतो. अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीत 'टोटेम पोल' नावाचा दगडी सुळका आहे. सरावाच्या भागात ईस्टवुड आणि सहनट जॉर्ज केनेडी त्याच्या माथ्यावर बसून बिअर पितात. बिअर वर आणलीय ती ईस्टवुडच्याच पाठपिशवीतून, आणि त्याला पत्ताच नाही. नवख्याच्या सॅकमध्ये गुपचूप धोंडा ठेवणारे आमच्याकडेही होते, त्यामुळे या प्रसंगाला मी अजून हसतो.

आयगरची उंची ३,९६७ मीटर. त्याची उत्तर भिंत सुमारे १,८०० मीटर उभी. १९३८पर्यंत ती कुणाला चढता आली नव्हती. जर्मनमध्ये 'नॉर्डवांट' म्हणजे उत्तर भिंत. लोकांनी एक अक्षर बदलून 'मॉर्डवांट', खुनी भिंत, केलं. तिथला मोठा वैरी सुटे दगड. आपल्या सह्याद्रीतल्या लिंगाण्याच्या सुळक्याखाली उभा असताना मुठीएवढा दगड माझ्या कानाजवळून गेला होता. आधी भुंग्यासारखा आवाज आला, दगड नंतर दिसला. ऑगस्ट १९७४मध्ये आयगरवर चित्रीकरण चालू असताना असाच दगड कोसळून डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक गेला. काम थांबवावं असं ईस्टवुडच्या मनात आलं होतं. बरोबरच्या गिर्यारोहकांनीच पुढे जायला सांगितलं. हे कळल्यापासून सिनेमात दगड पडू लागले की मला खुर्चीत नीट बसवत नाही.

आता लेकाच्या शंकेबद्दल. या डोंगराच्या पोटातून रेल्वे जाते आणि भिंतीत तिच्या खिडक्या आहेत. १९३६मध्ये टोनी कुर्त्झ हा तरुण गिर्यारोहक या भिंतीवर एकटा दोरावर उरला. सुटका करणारे रेल्वेच्या बोगद्यातूनच कड्यावर आले होते. त्याला खाली उतरायला दोन दोर एकमेकांना जोडून दिले, तर जोडाची गाठ कॅराबिनरमध्ये, म्हणजे दोर ओवायच्या धातूच्या कडीत, अडकली आणि अवघ्या काही हातांवर त्यांच्या डोळ्यांदेखत तो गेला. सिनेमाचा शेवट त्याच भिंतीवर, तशाच एका खिडकीशी घडतो. काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की लटकलेला माणूस ईस्टवुडच आहे, बदली नट नाही. खाली खरी दरी आहे, आणि हातातला दोर तो स्वतः कापतो. लपवलेली दुसरी तार होती म्हणून वाचला, पण पडला तो खराच.

लेकाला तेवढं दृश्य दोनदा दाखवा. दुसऱ्यांदा पायांकडे बघायला सांगा.