सरकारी कार्ड असताना नाक्यावरचा मजूर ओळखीवरच का जगतो?

काम ओळखीनंच मिळतं म्हणून. कार्ड दाखवून कोणी घमेलं हातात देत नाही.

2013 च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली आणि मी अंबडकडून तेव्हाच्या औरंगाबादला आलो. मुकुंदवाडीत एका खोलीत पाच जण. सहा दिवस सकाळी सातला नाक्यावर उभा राहिलो, दहाला डबा तसाच घेऊन परत. ठेकेदार गाडीवरूनच विचारायचा, "कोणाचा माणूस?" सातव्या दिवशी गिलाव्याचा एक मिस्त्री म्हणाला, "आपल्या गावचा हाय, चल." त्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी खाडा केला असता तर मान त्याची खाली गेली असती, म्हणून तापातही गेलो.

त्यानंच मला भिशीत घेतलं. बारा जण, महिन्याला 500; ज्याचा नंबर, त्याला त्या महिन्याचे सगळे पैसे. मे महिन्यात परांचीवरून पडून मनगट मोडलं. ठेकेदारानं त्या दिवसाची हजेरी दिली, नंतर फोन उचलला नाही. त्या महिन्याचा नंबर एका सेंटरिंगवाल्याचा होता, पोरीच्या शाळेसाठी ठेवलेला. तो दवाखान्यात आला आणि 6000 माझ्या उशाशी ठेवले. पन्नास-शंभरच्या नोटा, कडांना सिमेंट लागलेलं. माझे दोन हप्ते मिस्त्रीनं भरले. किराणावाल्यानं उधारी दिली तीही त्याच्याच शब्दावर.

आमचे थोरले बंधू आजही म्हणतात, भिशी म्हणजे पैसे बुडवायचा धंदा, बँकेत टाक. दादा, प्लास्टरातल्या हाताला कोणती बँक पैसे देते?

सरकारी कार्ड म्हणजे बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, ती जरूर करा. पण तिला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या मालकाकडे राबणाऱ्याला सही कोण देणार? मला मिळाली ती मिस्त्रीनं एका ठेकेदाराला गळ घातली म्हणून.

एक मात्र खरं, "कोणाचा माणूस" या प्रश्नात जातही विचारली जाते, आणि एकट्या बाईला तर कोणी विचारतच नाही. आमच्या भिशीत एकही बाई नव्हती. हे चूकच होतं.

तरी शहरात नवा येणाऱ्यानं आधी गावचा मिस्त्री गाठावा, मग भिशीत शिरावं. आणि दादा, डिसेंबरात माझा नंबर लागला तेव्हा ते 6000 मी मोजून त्या सेंटरिंगवाल्याच्या हातात ठेवले. बुडाले नाहीत.