न्यू जर्सीत कोपऱ्याच्या अरुंद लॉटवरचं जुनं घर पाडून नवं बांधायचंय, झोनिंग व्हेरियन्स कसा मागावा?

झोनिंग व्हेरियन्स म्हणजे जागेवर काय आणि कसं बांधायचं या टाउनच्या नियमांतून मिळणारी सूट. तुमच्या मापांपासूनच सुरू करतो. लॉट 50 बाय 100 फूट, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर. सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर, पुढून 25, बाजूने 8, मागून 25 फूट. कोपऱ्याच्या लॉटला बहुतेक टाउनमध्ये दोन्ही रस्त्यांकडची बाजू 'पुढची' धरतात. म्हणजे 50 मधून 25 आणि 8 गेले, उरले 17. सतरा फूट रुंदीचं घर! तुमची केस म्हणजे ही वजाबाकी, आणि ती भक्कम आहे.

राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये 'सी' व्हेरियन्सचा (सेटबॅकसारख्या मापांतली सूट) पहिला प्रकार नेमका अशा जमिनींसाठी आहे: फार अरुंद, कमी खोलीच्या, वेड्यावाकड्या किंवा चढउताराच्या. आपली मंडळी घसरतात ती इथेच. आईचे गुडघे, सहा महिने राहायला येणारे सासू-सासरे, मुलांना वेगळ्या खोल्या. अर्जावर निर्णय देणारं टाउनचं झोनिंग बोर्ड ऐकून घेतं, मानाही डोलावतात, पण अडचण जमिनीची लागते, घरच्यांची नाही. शिवाय या सवलतीने लोकांचं फार नुकसान होत नाही आणि टाउनच्या झोनिंगला मोठा धक्का बसत नाही, हेही तुम्हालाच पटवून द्यायचं असतं.

मंजुरी हातात येईपर्यंत जुन्या घराला मात्र हात लावू नका. ते आज नियमात बसत नसलं तरी झोनिंग येण्याआधीपासून कायदेशीर उभं असेल, तर त्याला संरक्षण आहे. अंशतः नष्ट झालं तर ते दुरुस्त करता येतं; पूर्ण पाडलंत की ते संरक्षण गेलं. 'एक भिंत ठेवली की काम होतं' हा कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला झोनिंग ऑफिसरकडून लेखी मिळाला तरच खरा माना.

आर्किटेक्टला आणखी एक तंबी द्या: उंची आणि एफएआर (घराचं एकूण मजला-क्षेत्र भागिले लॉटचं क्षेत्र) मर्यादेतच ठेव. एफएआर ओलांडला, किंवा उंची मर्यादेपेक्षा 10 फूट वा 10 टक्क्यांहून जास्त गेली, तर प्रकरण 'डी' व्हेरियन्स या जास्त कडक प्रकारात जातं आणि पाच होकारार्थी मतं लागतात. सात जणांच्या बोर्डातले पाचच हजर असतील तर सगळ्यांनी हो म्हणायला हवं. 'सी'ला साधं बहुमत पुरतं. सेटबॅकसाठी गेलेला माणूस एका उंच अ‍ॅटिकपायी या चक्रात अडकू शकतो.

शेजारी लॉटमधली एखादी पट्टी विकायला तयार आहे का, हे पत्राने विचारून ठेवा. त्याचा लॉटही 50 फुटीच असेल तर तो नाहीच म्हणणार, पण लॉट रुंद करणं शक्य नव्हतं याचा तो कागद पुरावा होतो.

नोटिशीत ढिलाई नको. 200 फुटांच्या आतल्या मालकांची यादी टाउनकडून अधिकृत घ्या आणि हिअरिंगच्या किमान 10 दिवस आधी सगळ्यांना सर्टिफाइड मेलने किंवा हातोहात नोटीस द्या. जाहीर नोटीसही प्रसिद्ध करावी लागते. त्या यादीतलं एखादं नाव सुटलं तर हिअरिंग पुढे ढकललं जाऊ शकतं.

आणि नोटीस पोचण्याआधी नकाशा घेऊन शेजाऱ्यांकडे जाऊन या. आमच्या हिअरिंगला मागच्या घरातल्या बाई उठल्या तेव्हा मला वाटलं, आता बोंबला. त्यांना सेटबॅकशी काही घेणंदेणं नव्हतं. आमच्या छपराचं पाणी त्यांच्या बेसमेंटमध्ये येईल का, एवढंच विचारायचं होतं. इंजिनिअरने नकाशावर ड्रायवेल, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं, बाई खाली बसल्या. ड्रायवेलची ती अट नंतर मंजुरीतही आली.

वकील? घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर सक्तीचा नाही. एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर लागतोच. मी वकिलापेक्षा प्लॅनरवर (नगररचनेचा तज्ज्ञ) आधी पैसे घातले असते, कारण जमिनीची अडचण कायद्याच्या भाषेत मांडणं हे त्याचंच काम. अर्जाच्या फीशिवाय एस्क्रो, म्हणजे टाउनकडे ठेवायची अनामत, हीही भरावी लागते, त्यातून बोर्डाच्या इंजिनिअर-वकिलांची बिलं जातात.

होकार मिळाला तरी पाडकामाचा कचरा टाकायचा डंपस्टर लगेच मागवू नका. आधी बोर्डाचा लेखी ठराव (रेझोल्यूशन) होतो, मग निर्णयाची सूचना प्रसिद्ध होते आणि तिथून 45 दिवस कुणालाही कोर्टात जाता येतं. त्याआधी बांधायला घेतलंत तर ती जोखीम तुमची.